लेकराचा आजार आणि घराची उतरंड

अन्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गावाची वेस येते, पाणवठा येतो, वाडा येतो, पोलीस ठाणे येते. उंबरठ्याच्या आत काय चालते याचा विचार आपली चळवळ क्वचित करते. घर म्हणजे थकून परतण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ आपण धरला. पण समाजव्यवस्था उंबरठ्यावर चपला काढून थांबत नाही. ती आत येते, चुलीशी बसते, आणि घरात एखादे लेकरू गंभीर आजारी पडले की तिचा खरा चेहरा दिसू लागतो.

लेकरू आजारी पडले की घर आजारी पडते, असे लोक म्हणतात. हे अर्धेच खरे आहे, कारण घरातले सगळे सारखे आजारी पडत नाहीत. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. प्रत्येक पायरी आपल्यावरचा भार खालच्या पायरीवर टाकते आणि तळच्या माणसाला भार टाकायला कोणीच उरत नाही. आजाराचेही असेच होते. शासन आपली जबाबदारी कुटुंबावर सोडते, कुटुंब ती आईवर सोडते, आणि आई नाइलाजाने ती थोरल्या लेकीवर सोडते. आजार रक्तात असतो, पण त्याचे ओझे असे उतरंडीने खाली सरकते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी विदर्भातील वस्त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत असलेल्या एका आजाराचे उदाहरण घेऊ. तो आजार म्हणजे सिकलसेल.

१

आजार नीट समजला नाही तर त्याचे सामाजिक रूपही समजत नाही, म्हणून आधी थोडे शास्त्र.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ आणि लवचिक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू पोचवते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानसा फरक असतो. एका साखळीतील सहाव्या जागी जो घटक हवा त्याऐवजी दुसराच बसलेला असतो. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले.

वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदना सुरू होतात. डॉक्टर याला क्रायसिस म्हणतात, वस्तीत झटका म्हणतात. तो कधी एका दिवसात ओसरतो, कधी आठवडा घेतो. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून लेकरू कायम फिकट राहते, डोळे पिवळे दिसतात, दम लागतो. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ धडधाकट असते, कारण गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेत असते. सहा महिन्यांच्या सुमारास ते कमी होते आणि मग एखाद्या दिवशी बाळाच्या हातापायांची बोटे टम्म सुजतात. आई समजते, काही चावले असेल. पुष्कळ घरांत या आजाराची पहिली ओळख अशी होते.

अशा लेकराची प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते. साधा वाटणारा ताप एका रात्रीत जीव घेऊ शकतो. कधी प्लीहेत एकाएकी रक्त साठते आणि लेकरू काही तासांत पांढरेफटक पडते. काहींना लहान वयात अर्धांगवायू होतो, काहींच्या खुब्याचे हाड झिजते.

झटका कशाने येतो? थंडीने, उन्हाने, पाणी कमी प्यायल्याने, अतिश्रमाने, तापाने. ही यादी पुन्हा वाचावी. हिवाळ्यातल्या पहाटे मायच्या पाठीवर बसून वावरात जाणारे लेकरू, वीटभट्टीवरच्या तळपत्या झोपडीतले लेकरू, जिथे पाण्याची टाकी कोरडी आहे त्या शाळेतले लेकरू, यांच्या आयुष्याचेच हे वर्णन आहे. दोष आईबापांकडून आला, पण झटके पुष्कळ वेळा दारिद्र्य पाठवते.

२

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. नागपुरातील महार समाजात तो आढळल्याचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला याच नागपुरात लाखो माणसांनी जुना धर्म टाकला, जातीचे नाव टाकले. दोन वर्षांच्या आत त्याच माणसांचे रक्त वैद्यकाच्या नियतकालिकात जातीच्या नावाने नोंदले गेले. शास्त्रज्ञांचा हेतू वाईट नव्हता. पण तेव्हापासून 'हा अमक्यांचा आजार' अशी एक भाषा रूढ झाली, तिची चिकित्सा व्हायला हवी.

हा कुठल्या जातीचा आजार नाही. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की ज्याच्याकडे या दोषाचा एकच वाटा असतो, त्याला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे जिथे हिवताप पिढ्यानपिढ्या माणसे मारत होता तिथे हा दोष बाळगणारी माणसे अधिक जगली आणि तो टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्थानात, भूमध्य समुद्राकाठी, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात त्याचा वावर आहे. महाराष्ट्रात गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समूहांत आणि विदर्भातील बौद्धांत तो विशेष आढळतो, इतर जातींतही तो आहे. काही आदिवासी समूहांत दर शंभरात वीसहून अधिक वाहक आढळले आहेत. हे रक्त हलके नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हिवतापाच्या मुलखात राहून हा देश कसला, त्यांच्या जगण्याची ही खूण आहे.

मग तो ठरावीक समूहांतच एवढा दाट का? याचे उत्तर वैद्यकाबरोबर समाजशास्त्रातही शोधावे लागते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण आहे. हिवतापाने हा दोष टिकवला आणि जातीच्या कुंपणाने तो आत कोंडला. लग्ने त्याच चार गावांत, त्याच नात्यांत होत राहिली. त्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली. जातीने आमच्या पायाखालची जमीन घेतली हे आपण सांगतो. तिने आमच्या रक्तातही आपला हिशेब लिहून ठेवला, हे सांगायचे राहून जाते.

३

आता घराकडे वळू. समजा, मजुरी करणारे एक जोडपे आहे, तीन लेकरे आहेत, त्यातल्या मधल्या मुलाला सिकलसेल आहे. असे घर शोधायला लांब जावे लागत नाही.

रात्री मुलाला झटका येतो. सकाळी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे आहे. सोबत कोण जाणार? यावर चर्चा होत नाही. माय जाते. ती आई आहे म्हणून, असे आपण समजतो. पण त्यामागे हिशेबही आहे. निंदणाला, वेचणीला बाईची रोजी पुरुषाच्या रोजीपेक्षा कमी धरली जाते. दोघांपैकी एकाची रोजी बुडणारच असेल तर कमी असलेली बुडालेली बरी, असे घर ठरवते. बाजाराने बाईच्या श्रमाला कमी मोल दिले, आणि त्याच कमी मोलाच्या आधारावर तिला विनामोल सेवेला बसवले. दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून बसलेल्या बायांची रांग पाहावी. त्या रांगेत ममता आहे तशी अर्थव्यवस्थाही आहे.

माय दवाखान्यात गेली की घरातली चूल थोरल्या मुलीकडे येते. दहा-अकरा वर्षांची पोर पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, बापाचा डबा करते. पहिल्या खेपेला शाळा चार दिवस बुडते. वर्षात असे चार-पाच झटके आले की तिचा अभ्यास तुटतो. पुढे मास्तर विचारीत नाहीत, घर आठवण करून देत नाही, आणि ती शाळेतून केव्हा गळाली हे कोणालाही सांगता येत नाही. गळतीच्या तक्त्यात तिचे कारण 'घरकाम' म्हणून लागते. मुलगा सिकलसेलचा रुग्ण म्हणून नोंदला जातो. त्याच आजाराने जिचे शिक्षण मेले ती बहीण कोणत्याच नोंदवहीत नसते.

धाकटे निरोगी लेकरू आणखी वेगळ्या प्रकारे भरडले जाते. घरातले दूध, घरातली काळजी, मायचा हात, सगळे आजारी भावाकडे जाते. त्याने हट्ट केला तर 'तुला काय झालंय?' असे ऐकावे लागते. निरोगी असणे हाच जणू त्याचा गुन्हा होतो. त्याला भावाचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. आपल्या समाजात लेकराच्या मनाचा विचार करणे ही चैन मानली गेली, कारण पोटाचाच विचार पुरता होत नव्हता. पण मन उपाशी राहिलेले लेकरू मोठे होऊन घरालाच परके होते, हाही अनुभव आहे.

बापाबद्दल बोलताना घाई करू नये. तो दारू पितो, दवाखान्यात येत नाही, चिडतो, हे पुष्कळदा खरे असते. पण कर्ज तो काढतो, ठेकेदारापुढे हात तो पसरतो, सावकाराच्या ओट्यावर अपमान तो गिळतो. पुरुषाने रडायचे नाही असे त्याला शिकवले गेले. बाबासाहेबांची चार अपत्ये लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा त्यांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात बापाचे दुःख उघडे केले. एवढा मोठा माणूस लेकराच्या दुःखाने मोडून पडल्याचे लिहू शकला, तर वस्तीतल्या बापाने दुःख दारूत का बुडवावे? आणि त्याच घरात रमाईंनी जे सोसले त्याचा उच्चार आपण जयंतीच्या दिवशी त्यागाची मूर्ती म्हणून करतो. त्यागाची मूर्ती केली की तिच्या खांद्यावरचे ओझे वाटून घ्यावे लागत नाही.

४

सर्वात क्रूर गोष्ट घडते ती दोषारोपाची. लेकराला रक्ताचा आजार आहे असे कळले की सासू म्हणते, "तुह्याच माहेरचं हे रक्त." नवरा गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे म्हणजे होकार असतो. काही ठिकाणी सून माहेरी धाडली जाते, काही ठिकाणी दुसरी बायको करण्याची भाषा होते.

शास्त्र काय सांगते? लेकराला हा आजार होण्यासाठी दोषाचे दोन वाटे लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकट्या आईच्या वाट्याने सिकलसेल ॲनिमिया होऊच शकत नाही. ज्याच्याकडे एकच वाटा असतो त्याला वाहक म्हणतात. तो बहुधा धडधाकट असतो, कष्टाची कामे करतो, त्याला स्वतःला काही जाणवत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी बाळाची, चारांत दोन शक्यता वाहक बाळाची, आणि चारांत एक शक्यता पूर्ण निर्दोष बाळाची असते. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. एक लेकरू आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असे लोक धरून चालतात. तसे नाही. दर खेपेला फासे नव्याने पडतात.

म्हणजे आई जेवढी कारण आहे, बाप तेवढाच कारण आहे, आणि दोघेही निर्दोष आहेत. ही एक गोष्ट जरी प्रत्येक वस्तीत नीट सांगितली तरी कित्येक संसार वाचतील. तरीही आईची तपासणी होते आणि बाप 'मला काय धाड भरली' म्हणून टाळतो. तपासणी टाळणे हे त्याच्या हातातले सत्तेचे साधन आहे. बापाचे रक्त तपासले की दोषारोपाचा आधारच जातो.

पुढचा प्रश्न लग्नाचा. वाहक असल्याचे कळले की घर ते लपवते, विशेषतः मुलीचे. स्थळ मोडेल ही भीती खरी आहे. म्हणून तपासणीचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते, लग्न लागते, आणि दोन वाहक नकळत एकत्र येतात. आजार रक्ताने येतो हे खरे, पण पुढच्या पिढीत तो पोचवण्याचे काम लपवाछपवी करते. वाहकाने लग्न करू नये असे शास्त्र कधीच म्हणत नाही. वाहकाने वाहक नसलेल्या माणसाशी लग्न केले तर सिकलसेल ॲनिमियाचे बाळ जन्मत नाही. मात्र जोडीदाराच्या रक्तात थॅलेसेमियासारखा दुसरा दोष नाही ना, तेही त्याच तपासणीत पाहून घ्यावे. दोघेही वाहक असून लग्न करायचे असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यातही त्या बाईचा.

बौद्ध समाजाने कुंडली टाकली, ही मोठी गोष्ट झाली. आता लग्न ठरवताना मुलगा आणि मुलगी दोघांचीही रक्ततपासणी उघडपणे पुढे ठेवण्याची रीत पाडली पाहिजे. 'दोघांचीही' हा शब्द महत्त्वाचा आहे, नाहीतर ही तपासणीसुद्धा मुलीला नाकारण्याचे नवे हत्यार होईल. आंतरजातीय विवाहाने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता घटते, हेही खरे. पण आंतरजातीय विवाह रक्त सुधारण्यासाठी करायचा नसतो. १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या कल्पनेवर प्रहार केला आणि जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, तो माणसामाणसांत आपलेपणा यावा म्हणून. वैद्यकीय लाभ हा त्याचा आनुषंगिक भाग आहे.

५

घरानंतर लेकराचे दुसरे जग म्हणजे शाळा. सिकलसेलची वेदना दिसत नाही. हाडात आग लागते, पण बाहेर जखम नसते, प्लॅस्टर नसते. म्हणून 'नाटक करते', 'शाळा बुडवायचा बहाणा' अशी वाक्ये ऐकू येतात. ज्या समाजाच्या वेदनेला शतकानुशतके बहाणाच म्हटले गेले, त्याच्या लेकराला वर्गातही तेच ऐकावे लागते.

शिक्षकांनी काही साध्या गोष्टी जाणून घ्याव्यात. या लेकराला वारंवार पाणी प्यावे लागते आणि म्हणून वारंवार लघवीला जावे लागते. त्याला अडवू नये. उन्हात उभे करणे, मैदानाला चकरा मारायला लावणे या शिक्षा कोणालाच देऊ नयेत, या लेकराला तर त्या जीवघेण्या ठरू शकतात. थंडीत त्याला अंगभर कपडा हवा. ताप आला की 'उद्या बघू' म्हणायचे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. बुडालेला अभ्यास भरून देण्याची व्यवस्था वर्गातल्या मुलांकडूनच करता येते. आणि त्याला वेगळे बसवू नये. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. वेगळे बसवण्याचा अर्थ काय असतो हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

६

उपाय आहे की नाही? आहे, आणि तो गरिबाच्या आवाक्यात आणता येण्यासारखा आहे. जन्मतःच तपासणी झाली तर दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देऊन जीवघेणे जंतुसंसर्ग टाळता येतात, हे १९८६ च्या अमेरिकेतील अभ्यासाने सिद्ध केले. न्यूमोनियाच्या जंतूवरील लस २०१७ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वस्त आहेत. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. या आजारावरची जनुकीय उपचारपद्धती २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाली, पण अमेरिकेतील तिची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. म्हणजे आमच्या वस्तीला त्या शोधाची बातमी मिळते, शोध मिळत नाही. साधी गोळीसुद्धा गावापासून ६० किलोमीटरवर ठेवली की ती त्या महाग उपचाराइतकीच दूर असते. एका गोळीसाठी माय दर महिन्याला एक रोजी आणि बसभाडे मोजते.

मग लोक भगताकडे का जातात? अंधश्रद्धा हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. भगत जवळ असतो, वेळ देतो, जमिनीवर बसून बोलतो, 'इतके दिवस कुठं होतीस?' म्हणून खेकसत नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही लेकराच्या उशाशी अंगारा दिसतो, तेव्हा त्या आईला दोष देण्याआधी विचारावे की तिच्यासाठी दुसरे कोणते दार उघडे होते. विनयपिटकात आजारी भिक्षूची कथा आहे. तो मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्या भिक्षूला धुतले, आणि एकमेकांची शुश्रूषा करणे हे संघाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. ही सेवा दोन पुरुषांनी केली, आणि तिला संघाचे कर्तव्य म्हटले गेले. आमच्या विहारांनी या कथेतून काय घेतले?

७

इतिहासातील एक धागा इथे जोडणे भाग आहे. अमेरिकेतही हा आजार प्रामुख्याने काळ्या लोकांत आढळतो, आणि तिथल्या वैद्यकाने त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून आणि वस्त्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. १९७२ साली तिथे या आजाराविषयी राष्ट्रीय कायदा झाला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा संताप घेतला, आणि ते योग्यच होते. त्यांच्या दवाखान्यांची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी पोचली नाही. वास्तविक ज्या आजारासाठी ते झटत होते तो नागपूरच्या वस्त्यांत १४ वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता.

त्या अनुभवातून एक इशाराही मिळतो. अमेरिकेत तपासणीचा गवगवा झाला, पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही. धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. म्हणून तपासणीच्या आधी समजावणे, आणि निकाल गुप्त राखणे, या दोन गोष्टी सोडून चालणार नाही.

जमैकाचा धडा अधिक आशादायक आहे. तिथे डॉक्टरांनी रुग्णबाळांच्या आयांना बाळाचे पोट चाचपून प्लीहा वाढली आहे का हे ओळखायला शिकवले. प्लीहेत एकाएकी रक्त साठल्याने होणारे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले. अडाणी समजल्या गेलेल्या बाईच्या बोटांत ज्ञान दिले तर ती यंत्राचे काम करू शकते, असा याचा अर्थ आहे. आपल्याकडे मात्र आईला सूचना मिळतात, ज्ञान मिळत नाही.

८

आपल्या देशात आज काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांसाठी हा विद्यार्थी पात्र ठरतो. पण सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण ज्या प्रकारांना दिले आहे त्यांत रक्ताचे आजार नाहीत. शिकायला दार उघडे आणि काम मागायला गेल्यावर बंद, अशी ही रचना आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न संपवणे, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण शहरातील बौद्ध वस्त्यांचा प्रश्नही तेवढाच जुना आहे. आणि 'निर्मूलन' हा शब्द वापरताना भान हवे. आजार नाहीसा करायचा आहे. जी लेकरे आज तो घेऊन जगताहेत ती नकोशी नाहीत.

तपासणीची आकडेवारी वाढली म्हणून उतरंड आपोआप मोडत नाही. ती मोडायची तर प्रत्येक पायरीवर ओझे परत वर ढकलावे लागेल. थोरल्या लेकीच्या खांद्यावरचे ओझे काढायचे तर झटक्याच्या दिवसांत त्या घराची चूल शेजारच्या चार घरांनी वाटून घेतली पाहिजे, आणि शिक्षकाने तिच्या गैरहजेरीचे खरे कारण लिहून तिला परत आणले पाहिजे. आईच्या खांद्यावरचे ओझे काढायचे तर बापाने रक्त तपासून घेतले पाहिजे आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढली पाहिजे. कुटुंबाच्या खांद्यावरचे ओझे काढायचे तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी मिळावी, सोबत राहणाऱ्याला बुडालेली रोजी मिळावी, दाखल्यासाठी दहा चकरा पडू नयेत, या मागण्या घेऊन शासनाच्या दारात बसले पाहिजे. ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला आपण रक्तदान करतो. त्याच दिवशी विहारात रक्ततपासणी आणि समुपदेशनही होऊ शकते.

लिहिणाऱ्यांसाठीही इथे काम आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील बाळंतपणाचे हाल लिहून ठेवले, म्हणून ते इतिहासात राहिले. शाळेतून कोणाच्या नकळत गळालेली थोरली बहीण अजून आपल्या कागदावर यायची आहे. तिचे नाव आपण लिहिले नाही तर ती ना जनगणनेत सापडेल, ना रुग्णांच्या यादीत, ना आपल्या साहित्यात.